टर्की खायची, पण कुठली?

प्रश्न असा आहे : वय ४६, तपासणीत एलडीएल, म्हणजे ज्याला सगळे वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी लाल मांस कमी करायला सांगितलं. मित्राने सल्ला दिला की चिकनसुद्धा सोड आणि टर्की धर. तिच्यात फॅट नसते, प्रोटीन सगळ्यात जास्त, शिवाय रात्री झोप छान लागते. त्याप्रमाणे दोन महिने झाले, रोज दुपारी पाकिटातले टर्कीचे काप ब्रेडमध्ये घालून खाणं चालू आहे. आता विचारताय की टर्की खरंच चिकनपेक्षा पौष्टिक असते का, आणि हे असंच चालू ठेवू का.

वीसेक वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करतेय. टर्कीच्या जागी कधी एखादा मासा, कधी एखादं बी घालून हाच प्रश्न मी कितीतरी वेळा ऐकलाय. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर चार ओळींत संपतं, म्हणून ते आधी.

कातडी काढून भाजलेलं टर्कीचं छातीचं मांस १०० ग्रॅम घेतलं तर त्यात सुमारे १४७ कॅलरी, ३० ग्रॅम प्रोटीन आणि २ ग्रॅम फॅट असते. तशाच पद्धतीने केलेल्या चिकनच्या छातीत १६५ कॅलरी, ३१ ग्रॅम प्रोटीन आणि साडेतीन ग्रॅम फॅट. टर्की किंचित पुढे आहे, पण ती दीड ग्रॅम फॅट म्हणजे चहाच्या चमच्यात तळाशी एक तृतीयांश तेल. कढईत तेल सोडताना हात जरा सैल पडला की टर्कीची सगळी आघाडी संपली. एवढ्यासाठी चिकन सोडायची गरज नाही. चव आवडत असेल, सहज मिळत असेल तर टर्की खा. नसेल तर तुमचं काही अडत नाही.

दुसऱ्या प्रश्नाला वेळ लागेल, कारण ‘टर्की’ हे एका पदार्थाचं नाव आहे असं धरून तुम्ही चाललाय. छाती, तंगडी, कातडी, खिमा आणि पाकिटातले काप या पोषणाच्या हिशेबात पाच वेगळ्या गोष्टी आहेत, पक्षी एकच असला तरी. कुणी समोर बसून ‘मी आता टर्कीवर आलोय’ म्हणालं की माझा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : कुठला भाग, आणि ताटात येण्याआधी त्याचं काय काय झालं?

छाती आणि तंगडीपासून सुरू करते. टर्कीची छाती पांढरी आणि तंगडी गडद का, तर पाळीव टर्की दिवसभर चालते आणि उडत जवळजवळ नाहीच. जो स्नायू सतत राबतो त्याला ऑक्सिजन साठवून ठेवावा लागतो, आणि ते काम मायोग्लोबिन नावाचं लोहयुक्त प्रथिन करतं. गडद रंग त्याचाच. त्यामुळे रंगाबरोबर पोषणही बदलतं. कातडी काढलेल्या, भाजलेल्या गडद मांसात १०० ग्रॅमला सुमारे १७३ कॅलरी, २८ ग्रॅम प्रोटीन आणि ६ ग्रॅम फॅट. छातीच्या तिप्पट फॅट म्हटलं की माणसं दचकतात, पण त्यातली सॅच्युरेटेड फॅट, म्हणजे एलडीएल वाढवणारी, दोन ग्रॅमच्या आतच राहते. छातीत ती अर्ध्या ग्रॅमच्या आसपास असते. कोलेस्टेरॉल छातीत साधारण ८० मिलिग्रॅम आणि गडद मांसात सव्वाशेच्या पुढे. मात्र बहुतेकांच्या रक्तातल्या एलडीएलवर खाण्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा सॅच्युरेटेड फॅटचा परिणाम जास्त होतो, त्यामुळे या आकड्याने मी फारशी घाबरत नाही.

उलट बाजू बघा. गडद मांसात लोह छातीच्या दुप्पट, जवळपास दीड मिलिग्रॅम. झिंकही दुप्पट. आणि बी-१२ मध्ये तर छाती सपशेल मार खाते : तिच्यात ०.४ मायक्रोग्रॅमच्या आसपास, गडद मांसात दीड मायक्रोग्रॅमच्या वर. मोठ्या माणसाची दिवसाची गरज २.४ मायक्रोग्रॅम धरली तर हा फरक किरकोळ म्हणता येत नाही.

माझ्याकडे एक विशीतली मुलगी यायची, लांब पल्ल्याचं धावणारी. फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा, तळाला, जिना चढला तरी दम लागायचा. आहाराची वही उघडली तर आठवड्यात पाच दिवस टर्कीची छाती, मोजून. ‘मांस तर रोज खाते, मग लोह का कमी?’ हा तिचा प्रश्न. छातीतून तिला १०० ग्रॅममागे पाऊण मिलिग्रॅमही लोह मिळत नव्हतं आणि पाळी येणाऱ्या बाईची रोजची गरज १८ मिलिग्रॅमच्या घरात जाते. तिला मी तंगडीवर आणलं. सोबत कडधान्यं आणि क जीवनसत्त्वाचं काहीतरी ठेवायला लावलं, कारण मांसातलं लोह तर चांगलं शोषलं जातंच, शिवाय मांस सोबत असलं की वनस्पतींतल्या लोहाचं शोषणही वाढतं. गोळ्याही सुरू कराव्या लागल्या, हे लपवत नाही. नुसत्या तंगडीने फेरिटिन वर येत नसतं. पण तिच्यासाठी ‘पांढरं तेच चांगलं’ हा नियम चुकीचा होता. तुमच्यासाठी तो बऱ्यापैकी बरोबर आहे. भाग कुठला निवडायचा हे रिपोर्ट बघूनच ठरतं.

छातीचं कौतुक करायचंच तर ते नायासिन (बी-३ जीवनसत्त्व), बी-६ आणि सेलेनियम या खनिजासाठी करा. शिजवलेल्या १०० ग्रॅममध्ये नायासिनची दिवसाची गरज दोन तृतीयांशाहून जास्त भागते, बी-६ आणि सेलेनियमची निम्म्याहून जास्त. याबद्दल कुणी बोलत नाही, सगळे प्रोटीनवर अडकलेले असतात.

कातडीचा हिशेब सोपा आहे. सगळे भाग कातडीसकट भाजून सरासरी काढली तर १०० ग्रॅमला साधारण १८९ कॅलरी आणि सात-साडेसात ग्रॅम फॅट होते. पण कातडी आधीच सोलून टाकायचा हट्ट नको. कातडीसकट भाजा आणि ताटात घेताना काढा. तिच्यातली फॅट मांसात मुरण्याचं प्रमाण नगण्य असतं आणि मांस कोरडं पडत नाही. कोरडेपणा ही छातीची जुनी खोड. तो घालवायला माणसं वरून लोणी, मेयोनीज, घट्ट सॉस ओततात, आणि मग वाचवलेली सगळी फॅट मागच्या दाराने घरात येते.

खिम्यात लोक हमखास फसतात. ‘टर्कीचा खिमा’ एवढंच लिहिलं असेल तर त्यात गडद मांस आणि कातडीही दळलेली असू शकते. ९३ टक्के लीन, म्हणजे चरबी सोडून उरलेलं मांस, असं लिहिलेल्या कच्च्या खिम्यात १०० ग्रॅमला आठएक ग्रॅम फॅट असते, ८५ टक्केवाल्यात साडेबारा. तेवढ्याच लीन टक्क्यांचा बीफचा खिमा घेतला तरी फॅट जवळपास तितकीच निघते. नुसतं पक्ष्याचं नाव वाचून खिमा हलका ठरवू नका, टक्का बघा.

आता तुमचं पाकीट. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण तुमचा रोजचा संबंध याच टर्कीशी आहे.

काही वर्षांपूर्वी एक काका पाकीटच घेऊन आले होते. पुढे ठळक अक्षरांत ‘९८ टक्के फॅट-फ्री’. मी ते उलटं करून त्यांच्याकडे सरकवलं आणि म्हटलं, वाचा मोठ्याने. सर्व्हिंग ५६ ग्रॅम, सोडियम ५०० मिलिग्रॅम. काका म्हणाले, ‘ठीकच आहे की.’ विचारलं, तुम्ही एका वेळी किती खाता? ‘हे एक.’ एक म्हणजे एक सर्व्हिंग नव्हे, एक पाकीट. वजन १४० ग्रॅम. म्हणजे अडीच सर्व्हिंग, साडेबाराशे मिलिग्रॅम सोडियम, तेही ब्रेड, चीज आणि मोहरीचा सॉस धरायच्या आधी. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला २००० मिलिग्रॅमच्या आत राहायची आहे. काकांची मर्यादा दुपारच्या जेवणातच संपत आली होती, आणि त्यांना रक्तदाबाची गोळी चालू होती. चष्मा काढून ते काही क्षण पाकिटाकडे बघत बसले, मग म्हणाले, ‘आणि मी घरी मीठ वरून घेत नाही म्हणून सगळ्यांना सांगत फिरतो.’

साध्या, घरी भाजलेल्या छातीत १०० ग्रॅमला सोडियम सुमारे १०० मिलिग्रॅम असतं. पाकिटातल्या कापांत नऊशेच्या आसपास. नऊपट फरक. तो टर्कीमुळे पडलेला नाही, कारखान्यात मांसात टोचलेल्या मिठाच्या पाण्यामुळे पडलेला आहे. त्या पाण्याचे आणखी दोन परिणाम होतात. एक, प्रोटीन विरळ होतं : ३० ग्रॅमच्या जागी १०० ग्रॅम कापांत पंधरा-सतरा ग्रॅमच हाती लागतं. दोन, फॅटचा टक्का आपोआप कमी दिसतो, कारण ‘९८ टक्के फॅट-फ्री’ हा हिशेब वजनावर असतो आणि पाण्याला वजन असतं. लेबल खोटं बोलत नाही, पण तुम्हाला हवं ते सांगतही नाही.

शिवाय नायट्राइट. काप गुलाबी आणि टिकाऊ राहावेत म्हणून ते घालतात. ‘वेगळं नायट्राइट घातलेलं नाही’ असं लिहून घटकांत सेलरी या भाजीची पावडर दिसली तर फार हुरळून जाऊ नका. सेलरीतल्या नायट्रेटपासून तयार होणारं नायट्राइट तेच काम करतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. त्यांच्या व्याख्येत पक्ष्यांचं प्रक्रिया केलेलं मांसही येतं. पहिला गट म्हणजे पुरावा पक्का. धोका तंबाखूइतका मोठा आहे असा त्याचा अर्थ नाही, ही गल्लत फार होते. कधीमधी प्रवासात खाल्लेल्या चार कापांनी काही होत नाही. पण तुम्ही दोन महिने रोज खाताय, म्हणून सांगतेय. टर्कीचं सॉसेज, सलामी, बेकन यांनाही हेच लागू.

मीठ एलडीएल वाढवत नाही, हे खरं. पण एलडीएल कमी करायचं ते रक्तवाहिन्या जपण्यासाठी. तिकडे रक्तदाब चढवून ठेवला तर कमावलं काय?

एलडीएलचं म्हणाल तर तुमच्या मित्राचा सल्ला अर्धा बरोबर आहे. चरबीदार लाल मांसाच्या जागी कातडीविना छाती आली तर सॅच्युरेटेड फॅट घटते आणि एलडीएल खाली यायला मदत होते. पण टर्कीत एलडीएल उतरवणारं असं काही नाही. जे काही होतं ते जागा बदलल्यामुळे. कशाच्या जागी आली, हे म्हणूनच विचारते. कडधान्यांच्या जागी आली असेल तर तुम्ही तोट्यात आहात, कारण त्यांतला विरघळणारा तंतू (फायबर) एलडीएल थोडं खाली ओढतो आणि टर्कीत तंतू शून्य. २०१९ मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ क्लिनिकल न्यूट्रिशनमध्ये एक प्रयोग छापून आला. लोकांना चार-चार आठवडे लाल मांस, पक्ष्यांचं मांस आणि वनस्पतींचं प्रोटीन असे आहार देऊन रक्त तपासलं. सॅच्युरेटेड फॅट सारखी ठेवल्यावर लाल मांसावर आणि पक्ष्यांच्या, म्हणजे पांढऱ्या मांसावर एलडीएल जवळपास सारखंच निघालं, आणि दोन्हींपेक्षा वनस्पतींच्या प्रोटीनवर ते कमी होतं. त्या आहारांत मांसाचं प्रमाण बरंच होतं, त्यामुळे आठवड्यात दोनदा टर्की खाणाऱ्याने तो निकाल जसाच्या तसा अंगाला लावून घेऊ नये. तरी ‘पांढरं मांस कितीही चालतं’ ही समजूत सोडून द्यायला तो पुरेसा आहे.

झोपेची गोष्ट गमतीची आहे. टर्कीत ट्रिप्टोफॅन नावाचं अमिनो आम्ल असतं, त्यापासून मेंदूत सेरोटोनिन आणि पुढे झोपेशी संबंधित मेलाटोनिन तयार होतं, इथवर सगळं खरं. पण ट्रिप्टोफॅन टर्कीत चिकनइतकंच असतं. चिकन खाऊन झोप येते असं कुणी म्हणत नाही. दुसरं म्हणजे रक्तातून मेंदूत शिरायचं दार एकच आणि तिथे इतर अमिनो आम्लांची गर्दी. मांस खाल्लं की तीही भरपूर येतात, आणि त्या रेटारेटीत ट्रिप्टोफॅन मागेच राहतं. टर्कीच्या मेजवानीनंतर डोळे मिटतात ते मेजवानीमुळे. तुमची झोप सुधारली असेल तर आनंदच आहे, पण दोन महिन्यांत आणखी काय बदललं ते आठवून बघा. रात्रीचं जेवण हलकं झालं असेल, चहा कमी झाला असेल.

प्रमाणाचं एक सांगते. माझ्या टेबलावर एक छोटा वजनकाटा असतो, आणि कच्चं-शिजलेलं यातला घोळ मी त्यावरच सोडवते. १५० ग्रॅम कच्चा तुकडा भाजून झाला की ११० ग्रॅमच्या आसपास भरतो, बाकीचं पाणी उडून जातं. कच्च्यात १०० ग्रॅमला २४ ग्रॅम प्रोटीन आणि शिजलेल्यात ३०, ते एवढ्यामुळेच. भाजून कुणाचं प्रोटीन वाढत नाही. तुम्ही कच्चं तोलत असाल तर आकडेही कच्च्याचेच धरा. सत्तर किलोच्या निरोगी माणसाची किमान गरज दिवसाला ५६ ग्रॅमच्या आसपास असते. शिजवलेल्या १०० ग्रॅममध्ये त्यातली निम्मी भागते. एका जेवणाला याहून मोठा तुकडा घेण्याचं कारण मला तरी सापडलेलं नाही, व्यायाम जबरदस्त असेल तर गोष्ट वेगळी.

काही जणांसाठी मी वेगळं लिहून देते. गाउट (युरिक अ‍ॅसिडमुळे सांधे सुजण्याचा आजार) किंवा वाढलेलं युरिक अ‍ॅसिड असेल तर टर्कीत प्युरिन आहे, त्यापासून शरीरात युरिक अ‍ॅसिड बनतं, म्हणून रोज नको, आणि सुजेचा झटका चालू असताना अजिबात नको. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रोटीन किती घ्यायचं हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं, पण पाकिटातली टर्की तिथे सगळ्यात वाईट, कारण तिच्यात घातलेलं फॉस्फेट मांसातल्या नैसर्गिक फॉस्फरसपेक्षा कितीतरी जास्त शोषलं जातं. गरोदर असाल तर थंड काप तसेच खाऊ नका, लिस्टेरिया या जंतूची भीती असते. वाफ येईपर्यंत गरम करूनच खा.

मग तुम्ही दुपारी काय करायचं? कातडीसकट, हाडासकट छातीचा एक तुकडा आणा. लेबलावर मिठाचं पाणी किंवा ‘सोल्यूशन’ घातल्याची ओळ आहे का बघा. ती ताज्या आणि गोठवलेल्या मांसावरही असते, आणि असली तर दुसरा उचला. गोठलेला असेल तर फ्रिजमध्येच सुटू द्या, दर दोन किलोला साधारण एक दिवस धरा. नळाखाली धुऊ नका, धुण्याने जंतू जात नाहीत, शिंतोड्यांबरोबर ओटाभर पसरतात. भाजताना थर्मामीटर जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसा. ७४ अंश सेल्सिअस दिसले की बाहेर काढा, नुसत्या रंगावर भरवसा नको. पंधरा-वीस मिनिटं तसाच राहू द्या, मग धाग्यांच्या आडवे पातळ काप करा. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेले की तीन-चार दिवस चांगले राहतात. ब्रेडमध्ये घालायला तेच घ्या, चवीला मिरपूड, लिंबू, पानं जे आवडेल ते. आठवड्यातून तीन दुपारी हे आणि उरलेल्या दिवशी कडधान्यं किंवा मासे, अशी सुरुवात मी करून दिली असती.

एलडीएलची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर ती टर्कीच्या भरवशावर बंद करू नका. खाण्यातला बदल रक्तात दिसायला दीड ते तीन महिने लागतात, तेव्हा पुढची तपासणी त्या बेताने ठेवा. आणि रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा), युरिक अ‍ॅसिड आणि बी-१२ असतील तर तेही कळवा, शिवाय घरी मोजलेला रक्तदाब. तीन दिवसांऐवजी दोन म्हणायचं की चार, आणि छातीसोबत अधूनमधून तंगडी चालेल का, ते त्यावरून सांगता येईल.